कायद्याच्या नजरेंतील कुटुंब

आपल्याकडे 'कुटुंब' हा शब्द उच्चारला म्हणजे त्यांत कोण कोण येतें, हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. आई-वडील, भाऊ-भावजय, त्यांचीं मुलें, माहेरीं येऊन राहिलेली आत्या, शिक्षणासाठीं आणून ठेवलेला भाचा, सारीं आपलीं. घरांत कार्य निघालें कीं या सर्वांचीं नांवें न आठवतां आठवतात. परंतु आज ज्या कायद्याविषयीं मला आपणांशीं बोलावयाचें आहे, त्याच्या नजरेंतील कुटुंब निराळें आहे. तें एका यादींत मावतें. त्या यादीला क्रम आहे आणि क्रमाहूनही कठोर अशा तारखा आहेत. हा कायदा म्हणजे अमेरिकेंतील मनुष्यानें आपल्या नातलगांस कायमच्या वास्तव्यासाठीं बोलावून घेण्याचा कायदा. ज्यांच्या घरचें कोणी ना कोणी तिकडे स्थायिक झालें आहे, अशीं घरें आपल्या शहरांतून आतां थोडीं राहिलेलीं नाहींत. म्हणून हा विषय परक्या देशाचा असला तरी आपल्या दिवाणखान्यांतला आहे.

माझ्या परिचयाच्या ठाण्यांतील एका कुटुंबाची हकीकत प्रथम सांगतों. यांतील थोरली बहीण लग्नानंतर न्यू जर्सीस गेली आणि यथाकाल अमेरिकेची नागरिक झाली. २००६ च्या फेब्रुवारींत तिनें आपल्या धाकट्या भावासाठीं अर्ज केला. भावाची मुलगी तेव्हां नवव्या वर्षांत होती. मुलगा तीन वर्षांचाही झालेला नव्हता. मुलांचें शिक्षण तिकडे व्हावें, हाच सर्वांच्या मनांतला हेतु. २०१० सालीं अर्ज मंजूर झाल्याचें पत्र आलें आणि घरांत पेढे वाटले गेले. त्यानंतर मात्र वर्षांमागून वर्षें गेलीं. क्रमांक आला तो २०२४ च्या अखेरीस. मुलगी तोंवर सत्तावीस वर्षांची झालेली, मुलगा एकविसाचा. आई-वडिलांस जातां येईल, मुलासही जातां येईल, मुलीस मात्र येणार नाहीं, असा हिशेब निघाला. जिच्या शाळेसाठीं अर्ज झाला होता, नेमकी तीच मागें राहिली. हा हिशेब कसा निघाला, हें समजलें म्हणजे सारा कायदाच बहुतेक समजला असें म्हणावयास हरकत नाहीं.

थोडा पूर्वेतिहास सांगतों. १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत असा निकाल दिला कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'गोरा' नव्हे, म्हणून त्यास नागरिक होतां येणार नाहीं. ज्यांस आधीं नागरिकत्व मिळालें होतें त्यांचेंही पुढें काढून घेण्यांत आलें. कॅलिफोर्नियांतील वैष्णोदास बागाई हे व्यापारी त्यांपैकीं एक. त्यांनीं १९२८ सालीं आत्महत्या केली. १९४६ सालीं ल्यूस-सेलर कायदा झाला. त्यानें हिंदुस्थानास वर्षाकाठीं अवघीं १०० माणसें पाठविण्याची मुभा आणि नागरिक होण्याचा हक्क दिला. त्या हक्कानेंच १९४९ सालीं नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ सालीं तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

खरें दार उघडलें तें १९६५ च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस. त्या दिवशीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशीं नव्या कायद्यावर सही केली. जन्मदेशावरून वांटे ठरविण्याची पद्धत गेली आणि नात्यास पहिला मान मिळाला. यांत एक मौज आहे. नात्याला अग्रस्थान द्यावें असा आग्रह धरणाऱ्यांत मायकेल फीगन हे प्रतिनिधि प्रमुख होते. जे आधींच देशांत आहेत तेच आपले नातलग बोलावणार, आणि ते तर बहुतेक युरोपीय. तेव्हां लोकसंख्येचा रंगढंग फारसा पालटणार नाहीं, अशी त्या पक्षाची अटकळ होती. घडलें तें उलटें. आपल्याकडील डॉक्टर आणि इंजिनिअर प्रथम स्वतःच्या विद्येवर गेले, आणि मग त्याच नात्याच्या कलमाखालीं त्यांनीं आपलीं माणसें नेलीं.

आतां यादीकडे वळूं. तींत दोन भाग आहेत. पहिला भाग अगदीं जवळच्या नातलगांचा: नागरिकाची पत्नी अथवा पति, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें, आणि नागरिकाचे आई-वडील. आई-वडिलांसाठीं अर्ज करणारा नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झालेला असावा लागतो. या भागास संख्येची मर्यादा नाहीं. कागद तपासून होण्यास लागेल तेवढाच काय तो विलंब.

दुसऱ्या भागास मर्यादा आहे. वर्षाकाठीं किमान २,२६,००० व्हिसा या भागासाठीं ठेवलेले असतात, आणि त्यांच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी, नागरिकांच्या एकवीस वर्षांवरील अविवाहित मुलामुलींची: २३,४००. दुसरी, ग्रीन कार्ड धारण करणाऱ्या कायम रहिवाशांचे पति-पत्नी व अविवाहित मुलें यांची: १,१४,२००. तिसरी, नागरिकांच्या विवाहित मुलामुलींची: २३,४००. चौथी, नागरिकांच्या भावाबहिणींची: ६५,०००. त्यांतही कोणत्याही एका देशास शेंकडा ७ हून अधिक वांटा मिळूं नये, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळें भारत, मेक्सिको, फिलिपाइन्स अशा देशांच्या रांगा इतरांहून लांब होतात. या यादींत आजी-आजोबा नाहींत, काका-मामा नाहींत, भाचे-पुतणे स्वतंत्रपणें नाहींत. शिवाय ज्याच्यापाशीं केवळ ग्रीन कार्ड आहे, त्यास आई-वडिलांसाठीं, भावंडांसाठीं किंवा विवाहित मुलांसाठीं अर्ज करतां येत नाहीं.

अर्ज करावयाचा तो तिकडच्या माणसानें. त्याचा नमुना आय-१३० या नांवानें ओळखला जातो. तो ज्या दिवशीं दाखल होतो, ती आपली क्रमांकाची तारीख. चाळींत पहांटे नळावर हंडा ठेवून नंबर लावतात, तसाच हा प्रकार. अर्ज मंजूर झाला म्हणजे नातें मान्य झालें, एवढाच त्याचा अर्थ. पाणी यावयाचें अजून असतें. ठाण्याच्या मंडळींनीं २०१० सालीं पेढे वाटले ते या समजुतीच्या घोंटाळ्यानें. अमेरिकेचें परराष्ट्र खातें दर महिन्यास एक पत्रक प्रसिद्ध करतें. त्यांत प्रत्येक पायरीची एक तारीख असते, आणि आपली तारीख तिच्या आधींची झाली कीं आपला क्रमांक लागला. भावंडांच्या रांगेंत भारतीयांस अलीकडे अठरा-एकोणीस वर्षें लागत आहेत. एवढ्या अवधींत अर्ज करणारी बहीणच निवर्तली, तर सर्वसाधारणपणें अर्जही तिच्याबरोबर संपतो. तो दयाबुद्धीनें पुनः चालू करावा अशी विनंति करतां येते, पण तसा हक्क सांगतां येत नाहीं. म्हणून साठीच्या घरांतील बहिणीनें भावासाठीं आज अर्ज करतांना हा हिशेब दोघांनींही मनांत धरावा.

आतां त्या मुलीचा हिशेब. भावाचा क्रमांक लागला म्हणजे त्याच्याबरोबर पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें जाऊं शकतात. रांगेंत उभें असतां मुलें मोठीं होऊन जातात, म्हणून २००२ सालीं एक सवलत देण्यांत आली. क्रमांक लागला त्या दिवशींचें मुलाचें वय घ्यावयाचें, आणि अर्ज मंजुरीवांचून जितके दिवस कचेरींत पडून होता तितके दिवस त्यांतून वजा करावयाचे. ठाण्याचा अर्ज चार वर्षें पडून होता. मुलगा एकवीस वर्षांचा. चार वजा जातां सतरा. तो बसला. मुलगी सत्तावीस वर्षांची. चार वजा जातां तेवीस. ती बसली नाहीं. मंजुरीनंतर रांगेंत काढलेलीं चौदा वर्षें या वजाबाकींत धरीत नाहींत. कचेरीच्या दिरंगाईनेंच मुलाचें भलें केलें, ही यांतील विचित्र गोष्ट. मात्र या सवलतीचा लाभ घेणाऱ्यानें क्रमांक लागल्यापासून एका वर्षाच्या आंत पुढील पाऊल टाकलें पाहिजे, आणि लग्न केलेलें असतां कामा नये.

लग्नाचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक, म्हणून त्याविषयीं विशेष सांगतों. ग्रीन कार्ड असलेल्या बापानें आपल्या अविवाहित मुलासाठीं अर्ज केला आहे असें समजा. बाप नागरिक होण्यापूर्वीं मुलाचें लग्न झालें, तर तो अर्ज लग्नाच्या दिवशींच मृत होतो. पुढें बाप नागरिक झाला तरी तो जिवंत होत नाहीं. तेंच लग्न बापानें नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतर झालें, तर अर्ज तिसऱ्या पायरीवर सरकतो आणि मूळची तारीख कायम राहते. एका महिन्याच्या अंतरानें दहा-बारा वर्षांची प्रतीक्षा पाण्यांत जाऊं शकते. कांहींजण यावर युक्ति काढतात: मुहूर्तावर लग्न लावावें आणि नोंदणी करूं नये. श्रोतेहो, ही युक्ति घातक आहे. सप्तपदीनें झालेलें लग्न आपल्या कायद्यानें लग्नच असतें आणि तेथील कचेरीही तें लग्नच मानते. तें लपवून घेतलेला व्हिसा ही फसवणूक ठरते, आणि तिचा डाग जन्मभर पुसत नाहीं.

दुसरी एक चूक याच जातीची. ग्रीन कार्डधारक पतीनें पत्नीसाठीं केलेल्या एका अर्जावर मुलेंही बरोबर जातात. पण मध्यें पति नागरिक झाला, तर पत्नी यादीच्या पहिल्या भागांत जाते आणि त्या भागांत कोणाबरोबर कोणी जात नाहीं. प्रत्येक मुलासाठीं निराळा अर्ज लागतो. हें ठाऊक नसल्यामुळें आई विमानांत बसली आणि मुलें आजीपाशीं राहिलीं, असें होऊं शकतें.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. जन्माच्या नोंदणीचा अखिल भारतीय कायदा १९६९ चा. त्यापूर्वीं जन्मलेल्या पुष्कळांची नोंद कोठेंच सांपडत नाहीं. अशा वेळीं नगरपालिकेकडून अथवा ग्रामपंचायतीकडून 'नोंद उपलब्ध नाहीं' असा दाखला घ्यावा, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांचीं प्रतिज्ञापत्रें जोडावीं. शाळेच्या दाखल्याची आपल्याकडील एक खोड सर्वांस ठाऊक आहे. मुलास पहिलींत घालतांना गुरुजींनीं सोयीसाठीं १ जून ही तारीख टाकून दिलेली असते. महाराष्ट्रांत १ जूनला जन्मलेलीं माणसें इतकीं कां, हें मुंबईच्या कॉन्सुलेटांतील मुलाखत घेणाऱ्यास आपण होऊन कळेल अशी अपेक्षा धरूं नये. तीच गोष्ट स्त्रियांच्या नांवांची. माहेरचें नांव एक, लग्नांत तांदुळांत लिहिलेलें दुसरें, मधलें नांव वडिलांचें होतें तें पतीचें झालेलें, आडनांव तर पालटलेलेंच. चार कागदांवर एकच बाई चार नांवांनीं वावरते. एखाद्या रविवारीं सारे कागद मांडून बसावें, कोणत्या कागदावर कोणतें नांव व कोणती तारीख आहे याचा तक्ता करावा, आणि जेथें फरक असेल तेथें प्रतिज्ञापत्रानें वा राजपत्रांतील नोंदीनें तो उघडपणें समजावून द्यावा. फरक मान्य केल्यानें अर्ज बिघडत नाहीं. तो झांकण्यासाठीं केलेल्या खाडाखोडीनें बिघडतो.

यानंतर जामीनकी. बोलावणाऱ्यास आय-८६४ नांवाचें प्रतिज्ञापत्र लिहून द्यावें लागतें, आणि आपलें उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी आहे असें दाखवावें लागतें. बहुतेक लोक यावर न वाचतां सही करतात. ही जबाबदारी न्यायालयांतून वसूल होणारी आहे. आलेला मनुष्य नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नांवें सुमारें दहा वर्षांचें काम जमा होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडीपर्यंत अथवा मरेपर्यंत ती चालते. पत्नीस बोलावलें आणि पुढें घटस्फोट झाला, तरी ती सुटत नाहीं. दुसऱ्यास जामीन राहणें म्हणजे काय, हें आपल्या वाडवडिलांस चांगलें ठाऊक होतें. सही करण्यापूर्वीं तें आठवावें.

आई-वडिलांच्या बाबतींत मात्र मी थोडें कळकळीनें बोलणार आहें. मुलगा नागरिक झाला म्हणजे त्यांच्यासाठीं रांग नाहीं, म्हणून तो उत्साहानें अर्ज करतो. पण ग्रीन कार्ड हें तेथें राहणाऱ्यासाठीं आहे. आपल्या वृद्धांची इच्छा बहुधा अशी असते कीं, नातवंडांत चार-सहा महिने राहावें आणि उरलेलें वर्ष आपल्या घरीं, आपल्या देवघरांत काढावें. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलें तर परत प्रवेश मिळण्याची पंचाईत होते. त्यासाठीं दोन वर्षांपर्यंत चालणारा परतीचा परवाना असतो, पण त्याचा अर्ज तेथें असतांनाच करावा लागतो. वर्षाच्या आंत फेऱ्या मारल्या तरीही, यांचें खरें घर पुण्यांतच आहे असें विमानतळावरील अधिकाऱ्यास दिसलें तर कार्ड धोक्यांत येतें. केवळ भेटीस जावयाचें असेल तर पाहुण्यांचा व्हिसाच सोयीचा. फॉर्म भरण्यापूर्वीं 'तुम्हांला तेथें राहावयाचें आहे का?' हा साधा प्रश्न किती मुलांनीं आई-वडिलांस विचारला असेल?

शेवटीं नागरिकत्व. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पांच वर्षें, आणि नागरिकाशीं विवाह होऊन एकत्र राहत असल्यास तीन वर्षें, अशी मुदत आहे. त्यांतील निम्मे दिवस तरी देशांत काढलेले असावे लागतात, आणि सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाल्याची शंका घेतली जाते. इंग्रजी वाचतां-लिहितां-बोलतां येतें कीं नाहीं हें पाहतात, आणि तेथील इतिहास व राज्यपद्धति यांवर तोंडी परीक्षा घेतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठीं १२८ प्रश्नांच्या संचांतून २० पर्यंत प्रश्न विचारले जातात, आणि त्यांपैकीं १२ उत्तरें बरोबर यावीं लागतात. पन्नाशी उलटलेल्या आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षें काढलेल्या, किंवा पंचावन्न उलटलेल्या आणि पंधरा वर्षें काढलेल्या माणसास इंग्रजीची माफी आहे. त्यास दुभाष्याच्या साहाय्यानें मराठींत उत्तरें देतां येतात. बापानें वा आईनें शपथ घेतली त्या वेळीं ग्रीन कार्ड असलेलें, अठरा वर्षांखालील आणि त्यांच्या ताब्यांत तेथेंच राहणारें मूल आपोआप नागरिक होतें. शपथेपूर्वीं मात्र कोणीं कितीही आग्रह केला तरी मतदानयादींत नांव घालूं नये. नागरिक नसतां नागरिक म्हणविणें या अपराधास तेथें सहसा क्षमा नाहीं.

शपथेची दुसरी बाजूही आहे. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेतलें कीं १९५५ च्या कायद्यानें भारताचें संपतें आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर मिळणारें ओसीआय कार्ड हें येण्या-राहण्याच्या सोयीचें आहे. त्यानें मत देतां येत नाहीं कीं शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वडिलार्जित शेत वारशानें मिळूं शकतें, एवढेंच.

ठाण्याच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. क्रमांक लागल्याचें पत्र आल्यावर आठ-पंधरा दिवस घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. तिघांनीं तिकडे जावें आणि मग बापानें मुलीसाठीं पुनः अर्ज करावा, अशी एक सूचना आली. पण त्याचा अर्थ आणखी कित्येक वर्षांची रांग, आणि बाप नागरिक होईपर्यंत मुलीनें अविवाहित राहणें. शेवटीं मुलगीच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठीं तुम्ही थांबूं नका, पण तुमच्या अर्जासाठीं माझें लग्नही थांबवूं नका." तेव्हां असें ठरलें कीं, बाप आणि मुलगा यांनीं पुढें जावें. आईस मागाहून जातां येतें, तशी तरतूद कायद्यांत आहे. म्हणून तिनें मुलीचें लग्न होईपर्यंत ठाण्यांतच राहावें. न्यू जर्सीची आत्या या निर्णयानें थोडी दुखावली. इतकीं वर्षें वाट पाहिली ती अर्ध्या घरासाठीं का, असें तिला वाटलें.

तिचें चुकलें होतें असें मला वाटत नाहीं. २००६ सालीं अर्ज करतांना अठरा वर्षांनीं मुलें केवढीं होतील, एवढी एकच बेरीज कोणीं केली असती, तर अर्ज तरीही झाला असता. पण मुलांच्या शिक्षणाची निराळी तजवीज वेळेवर झाली असती, आणि मुलीस आपण मागें राहिलों असें वाटलें नसतें. आपल्या घरीं असा एखादा अर्ज चालू असेल, तर आज रात्रीं जेवणानंतर तो काढून पाहा. त्यावरील तारीख, प्रत्येक मुलाची जन्मतारीख आणि घरांतील ठरलेलीं वा ठरावयाचीं लग्नें एका कागदावर एकाखालीं एक लिहा. जेथें शंका वाटेल तेथें सनदी वकिलास विचारा, दलालास नव्हे. आणि तो कागद, ज्यांचीं नांवें त्यावर आहेत, त्या सर्वांस दाखवा.